दारफळणीच्या दिवशी

बेंजामिन इसाजी आपटेकर यांना सारं पनवेल मास्तर म्हणायचं. शाळेशी त्यांचा संबंध स्वतः शिकले तेवढाच. मोटार स्टँडवर ते तिकिटं फाडत, म्हणून आधी बुकिंग मास्तर आणि मग नुसतेच मास्तर. उंच, किडकिडीत, अंगावर खादी, नाकावरून सारखा घसरणारा चष्मा. तोंडाची टकळी एकदा सुरू झाली की समोरच्याची गाडी सुटली तरी दोघांनाही पत्ता नसायचा. पुण्याची गाडी चुकलेला उतारू त्यांना शिव्या घालायचा आणि पुढची गाडी येईपर्यंत त्यांचंच भाषण ऐकत बसायचा. दुसरं करणार काय?

घराणं तेल्याचं. आजोबांचा घाणा शनिवारी बंद असे, म्हणून गावात त्यांना शनवार तेली म्हणत. नातू मात्र शनिवारीही तिकिटं फाडी. त्यांच्या आई मिल्काबाई म्हणायच्या, "तुझ्या आजोबांचा बैलसुद्धा शनिवार पाळायचा रे. तू बैलापेक्षा शहाणा झालास का?" मास्तर हसायचे. जुन्या चालीरीतींना हसणं हा त्यांच्या देशसेवेचाच एक भाग होता.

त्यातही त्यांच्या हसण्याचा खास विषय म्हणजे दारफळणी. बेने इस्रायलांचा हा वर्षातला सगळ्यांत मोठा उपास. आदल्या संध्याकाळी अंघोळी करायच्या, पांढरे कपडे घालायचे आणि घराची दारं लावून घ्यायची, ती दुसऱ्या दिवशी आकाशात चांदणी दिसल्यावरच उघडायची. मधल्या वेळात अन्न नाही, पाणी नाही, परक्या माणसाशी शब्द नाही. वर्षभरात जे चुकलं त्याची देवाकडे माफी मागायची. नवी मंडळी हा दिवस मशिदीत काढत. इस्रायलांच्या प्रार्थनेच्या जागेला पनवेलात मशीदच म्हणायचे. पण मिल्काबाई जुन्या वळणाच्या. दार लावून घेतल्याशिवाय त्यांना सण झाल्यासारखा वाटत नसे. मास्तर त्यांना चिडवत, "आई, अगं माफी द्यायला देव आला तर त्याला आत कसं घेणार? खिडकी तरी किलकिली ठेव." मिल्काबाई त्या दिवशी भांडणही करायचं नाही म्हणून गप्प राहत आणि दुसऱ्या दिवशी, शिळासणाला, गोरगरिबांना दानधर्म करता करता मुलाला व्याजासकट ऐकवत.

लढाई विलायतेत पेटली आणि सरकारनं हिंदुस्थानला न विचारताच तीत ओढलं. मास्तरांना हे मुळीच पटलं नाही. ज्याच्या घरात आपण कैदी, त्याच्या घराला आग लागली तर कैद्यानं बादल्या का वाहायच्या, हा त्यांचा स्टँडवरचा आवडता सवाल होता. त्या वेळी घोषणा होती, 'ना एक पाई, ना एक भाई'. लढाईला पैसा द्यायचा नाही आणि माणूस द्यायचा नाही. पाई पनवेलकरांच्या खिशात मुळातच कमी होती. म्हणून मास्तरांनी भाईकडे लक्ष दिलं. काशिराम नावाचा एक मुकादम त्या दिवसांत वाड्यावाड्यांवर फिरून लष्कराच्या कामाला मजूर गोळा करी. तो कुठं कुठं जातो याचा माग काढत मास्तर त्याच्या आधी तिथं पोचू लागले.

असे एकदा ते खारघरच्या डोंगरातल्या कातकऱ्यांच्या वाडीवर गेले. धोतराचा काचा मारून, धापा टाकत. झाडाखाली उभं राहून त्यांनी तासभर भाषण दिलं. त्यातलं निम्मं वाडीला कळलं नाही आणि उरलेलं निम्मं कळलं तेवढं पुरे झालं. मंगळ्या नावाचा एक तरुण पुढं बसून सगळं ऐकत होता. बोलायला कमी, हसायला जास्त, असा हा गडी. दुसऱ्या दिवशी काशिराम आला तेव्हा मंगळ्याच पुढं झाला.

"मास्तर सांगून गेला, ही लढाय सायबाची हाय," तो म्हणाला. "आमची नाय. आमी नाय येत."

काशिराम दुसऱ्यांदा आला तेव्हा वाडीत म्हाताऱ्याकोताऱ्या आणि कोंबड्या सोडून कुणी नव्हतं. सगळी वाडी रानात. ही बातमी पनवेलात आली आणि मास्तरांना आभाळ ठेंगणं झालं. पुढं त्यांनी भर बाजारात घोषणा दिली, पोलिसांनी धरलं, काही महिने तुरुंगात काढून ते परत आले. स्वागताला स्टँडवर दोन हार होते आणि पानाच्या द्रोणात मध घेऊन आलेला मंगळ्या होता. हार संध्याकाळपर्यंत सुकले. मंगळ्या मात्र तेव्हापासून घरचाच झाला. पेट्रोल मिळेनासं झालं तशा मोटारी कोळशाच्या गॅसवर धावू लागल्या, आणि तो कोळसा मंगळ्याच्या वाडीतले लोक पाडत. कोळसा स्टँडवर टाकला की मंगळ्या मास्तरांच्या घरी मागच्या पडवीत येऊन बसायचा. मिल्काबाई त्याला गुळपोहे द्यायच्या. एका वर्षी तो चुकून दारफळणीलाच आला आणि दार वाजवून वाजवून परत गेला. दुसऱ्या दिवशी मिल्काबाईंनी त्याला सण समजावून सांगितला. त्यानं तो मास्तरांपेक्षा जास्त मनावर घेतला.

मग एका शनिवारी आईच्या हट्टापायी मास्तर मशिदीत गेले होते. प्रार्थना संपल्यावर एका वडीलधाऱ्या गृहस्थानं इंग्रजी वर्तमानपत्र उघडलं आणि वाचता वाचता मराठीत सांगायला सुरुवात केली. पोलंडात काय चाललं आहे ते. गावंच्या गावं रिकामी करून यहुद्यांना गाड्यांत भरून नेतात आणि ती माणसं परत येत नाहीत. आकडा सांगताना गृहस्थ थांबले. चष्मा पुसून त्यांनी तो पुन्हा वाचला.

कोकणात येऊन बेने इस्रायलांना किती शतकं झाली ते त्यांनाही नक्की ठाऊक नव्हतं, पण या मातीत कुणी त्यांच्या वाटेला गेलं नव्हतं. शनवार तेली, एवढीच काय ती थट्टा. आणि तिकडे नुसत्या नावावरून माणसं मारत होते. बेंजामिन, इसाजी, मिल्का आणि बायकोचं हॅना. तिथं जन्मलो असतो तर घरातल्या कुणालाच राहू दिलं नसतं, हे मास्तरांच्या डोक्यातून जाईना. कित्येक दिवस त्यांनी स्टँडवर तोंड उघडलं नाही. उतारू वेळेवर गाडीत बसू लागले.

हॅना मोजकं बोलणारी. एका सकाळी चहा देताना तिनं विचारलं, "म्हणजे आता ही लढाई आपली?"

"आपली," मास्तर म्हणाले. "हिटलर जिंकला तर जगात राहायला जागा नाही. आणि जपान तर पार ब्रह्मदेशात येऊन बसलाय."

"आणि राज्य?"

"राज्य त्यांचंच. पण आधी आग विझायला हवी. भांडण मागाहून."

"बादल्या वाहायच्या तर," हॅना म्हणाली आणि कपबशी उचलून आत गेली.

मत बदललं यात मास्तरांची काही चूक नव्हती, हे इथंच सांगितलेलं बरं. ज्यानं जन्मात मत बदललं नाही त्याला एकतर मत नसतं किंवा कान नसतात. ज्या लढाईला आपण नको म्हटलं, ती डोक्यावर येऊन कोसळल्यावर सगळ्यांनी एक व्हावं की नाही, यावर भल्याभल्यांची डोकी त्या दिवसांत फिरली होती. मास्तरांचे जुने सोबती एव्हाना तुरुंगात होते. बाहेर उरलेले म्हणू लागले, मास्तरांनी टोपी फिरवली. मास्तरांना ते लागलं. ते उघडपणे, ताठ मानेनं सांगत, होय, तेव्हा विरोध केला, आता पाठिंबा देतो, आणि दोन्ही वेळा मनापासून. इथवर सगळं ठीक होतं.

एके दिवशी काशिराम मुकादम भरतीच्या साहेबाला घेऊन स्टँडवर आला. साहेबानं मास्तरांशी हात मिळवला आणि बसायला खुर्ची दिली. याच राज्यानं तुरुंगात त्यांना ढेकणांनी भरलेलं घोंगडं दिलं होतं. खुर्चीत बसल्यावर माणसाला आपण शहाणे आहोत असं उगीचच वाटतं. मास्तरांनाही वाटलं.

"मास्तर," काशिराम हात चोळत म्हणाला, "तुम्ही बंद केलेल्या वाड्या तुम्हीच उघडून द्या. रस्ते बांधायचेत, माणसं हवीत. मजुरी आहे, शिधा आहे, पुढच्या पावसाच्या आत माणूस घरी. माझं कुणी ऐकत नाही. तुमचं ऐकतात."

कुठले रस्ते, कुठं जायचं, हे मास्तरांनी विचारलं नाही. पुढं कित्येक वर्षं ते स्वतःशी वाद घालत, की मी विचारायला विसरलो. पण स्टँडवर बसणारा माणूस उतारूला दुसरं काही विचारो न विचारो, जायचं कुठं हे पहिलं विचारतो. विसरले नव्हते ते. उत्तर नको होतं.

ते पुन्हा वाडीवर गेले. तेच झाड, तोच धोतराचा काचा. या वेळी भाषण तिथं कुणालाच कळेना. हिटलर, पोलंड, जपान. कोळशानं काळे झालेले चेहरे त्यांच्याकडे पाहत राहिले. शेवटी मंगळ्यानं डोकं खाजवत विचारलं, "मास्तर, मागं तुमीच बोलला, ही लढाय सायबाची. आता आपली कवा झाली?"

मशिदीत मास्तरांनी जे ऐकलं होतं ते इथं या झाडाखाली कसं सांगायचं? पोलंडातल्या माणसांची नावं माझ्यासारखी आहेत, हे मंगळ्याला सांगून काय उपयोग? आणि त्याचं नाव असलेली माणसं तर इथल्याच डोंगरात उपाशी मरत होती, त्यासाठी कधी कुणी लढाई केली नव्हती. हा विचार त्यांच्या मनात आला आणि त्यांनी तो झटकून टाकला.

"माझ्यावर भरवसा आहे ना तुझा?" ते म्हणाले.

"हाय की."

"मग झालं. मी सांगतो म्हणून जा. लांब कुठं नाही जायचं. आणि कुणाला जड गेलं, तर सरळ माझ्याकडे यायचं. मी सोडवून आणीन. हा माझा शब्द."

'लांब कुठं नाही' हे त्यांच्या तोंडून आपसूक गेलं. कुणी त्यांना तसं सांगितलं नव्हतं. मंगळ्याची बायको शुक्री खोपटाच्या दारात उभी होती, दिवस भरत आलेली. मंगळ्यानं तिच्याकडे पाहिलं, मास्तरांकडे पाहिलं आणि हसून मान हलवली. तो तयार झाला म्हणून वाडीतले आणखी गडी तयार झाले. काशिरामनं अंगठे घेतले. परतताना मास्तरांना हलकं वाटत होतं. आपण एकटे पडलो नाही, लोक आपल्यामागं आहेत, असं त्यांना वाटलं.

माणसं बंदराजवळच्या मिठाच्या रिकाम्या गोदामात आणून ठेवली होती. त्याच आठवड्यात दारफळणी आली. मिल्काबाईंना त्या वर्षी उभं राहवत नव्हतं, पण उपास सोडायला तयार नव्हत्या. त्यांच्याजवळ कुणी हवं म्हणून मास्तर मशिदीत न जाता घरीच राहिले. पांढरे कपडे, लावलेली दारं, अंधारलेली ओटी. ऊन आश्विनातलं, घशाला कोरड. भर दुपारी दारावर थाप पडली.

"मास्तर! ओ मास्तर! मी मंगळ्या."

मास्तर उठून दाराशी गेले.

"मास्तर, आमाला लांब नेतान. आगगाडीत घालून, मंग आगबोटीत. टरकचा डायवर बोलला, पार पूर्वेच्या टोकाला, जिथं लढाय चाललीय. तुमी तर बोलला लांब नाय. शुक्रीचा दिस भरलाय, मास्तर. मना नाय जायचा. मी पलून आलो. तुमी बोलला व्हता नं, जड गेला तर माज्याकडं ये."

फळीच्या दारापलीकडे त्याचा श्वास ऐकू येत होता. धावत आला असावा. मग एकदम त्याचा आवाज खाली आला.

"आरं देवा. आज तुमचा दारं लावायचा सन नाय का! इसरलोच मी. माफी करा, मास्तर. नका बोलू. मी बसतो हितंच. चांदनी निंगाली का उघडा."

आणि तो पायरीवर टेकला. घोंगडी अंथरल्याचा आवाज आला.

हॅना आतून ओटीवर आली होती. ती नवऱ्याकडे पाहत राहिली. चटईवर डोळे मिटून पडलेल्या मिल्काबाईंनी डोळे उघडले.

"मंगळ्या ना तो? दार उघड, बेंजामिन."

"आई, आज दारफळणी आहे," मास्तर म्हणाले.

जन्मभर ज्या चालीला ते हसले ती त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा पाळायची ठरवली. मिल्काबाई कोपरावर उठून बसायचा प्रयत्न करू लागल्या.

"मला शिकवतोस? देवाला काय सांगायचं ते मी सांगेन. माणूस दारात आलाय. उघड."

मास्तरांचा हात कडीवर होता. दार उघडलं तर काय होणार हे त्यांना लख्ख दिसत होतं. साहेबासमोर उभं राहावं लागणार. आधीच तुरुंगात जाऊन आलेला माणूस, आता पळालेल्या मजुराला घरात घेतो, म्हणजे पुन्हा आत. ते एक वेळ सोसलं असतं. पण काशिरामसमोर, स्टँडवर, सगळ्या पनवेलसमोर म्हणावं लागलं असतं की मी ज्या लढाईची ग्वाही दिली ती माणसांना फसवून नेते, आणि फसवायला मीच गेलो होतो. सगळे एक झालेत असं ते सांगत फिरत होते, आणि त्या एकीतला पहिलाच गडी त्यांच्या पायरीवर येऊन नको म्हणत होता.

"संध्याकाळी बघतो," ते आईकडे न बघता म्हणाले. "चांदणी दिसू दे. तोवर काही होत नाही."

ते कडीवरचा हात न काढता तसेच उभे राहिले. हॅनानं एकदा पुढं येऊन कडीला हात घातला, तो त्यांनी बाजूला केला. बाहेर मंगळ्या बारीक आवाजात काहीतरी गुणगुणत होता. ऊन उतरायला लागलं आणि आळीत बूट वाजले.

"इथं येऊन बसलायस होय रे?" काशिरामचा आवाज. "चल, ऊठ."

"आरडू नको, काशिराम," मंगळ्या दबक्या आवाजात म्हणाला. "मास्तर देवाला बसलेत. जरा चांदनी निंगू दे. ते भायेर येऊन तुज्याशी बोलतील."

"मास्तर काय बोलणार? मास्तरांनीच तर दिलाय तुला."

"चांदनी निंगू दे," मंगळ्या पुन्हा म्हणाला.

मग झटापट झाली. पायरीचा एक धोंडा निसटला. मंगळ्यानं तोंडातून आवाज काढला नाही. आत मास्तर देवाशी बोलत आहेत, त्यांना त्रास नको म्हणून त्यानं ओठ मिटून घेतले असावेत. ओरडला असता तर आपण नक्की दार उघडलं असतं, असं मास्तर पुढं मनाशी म्हणत. म्हणजे त्यातही दोष त्यांनी मंगळ्याच्याच पदरात टाकला. बूट आणि अनवाणी पाय आळीतून लांब गेले. मिल्काबाईंनी भिंतीकडे तोंड केलं.

शिळासणाच्या पहाटे मास्तर गोदामावर धावले. तिथं मिठाचा वास आणि रिकाम्या पत्रावळी होत्या. माणसं रात्रीच हलवली होती. कुठं, ते पहारेकऱ्याला ठाऊक नव्हतं. मास्तर साहेबाकडे गेले. त्या दिवशी खुर्ची मिळाली नाही.

लढाई संपली. वाडीतले दोघं परत आले, मंगळ्या आला नाही. तापानं गेला, रस्त्याच्या कडेला पुरला, असं त्या दोघांनी सांगितलं. आणखीही एक सांगितलं. आगगाडीत मंगळ्या सगळ्यांना समजावत होता, की मास्तरांना बोल लावू नका. त्यांना ठावंच नाय. सनाचा दिस व्हता, ते देवाला बसले व्हते, त्यांना काय ऐकाया नाय गेला. ठाव असता तर सोडला नसता त्यांनी मना.

वाडीनं हे खरं मानलं. मेलेल्या माणसाचा शब्द. आणि मग सुरू झाली मास्तरांची खरी शिक्षा. ते वाडीवर गेले की त्यांच्यासाठी गोणपाट अंथरलं जाई. रानातली पहिली करटुली, पहिला मध त्यांच्या घरी येई. शुक्रीला मुलगी झाली होती, साळू. तिला शुक्री शिकवी, "मास्तरांच्या पाया पड. तुझा बा यांना लय मानायचा." पोरगी वाकली की मास्तर पाय मागं घेत, आणि लोक म्हणत, बघा, किती साधा माणूस. दर खेपेला ते ठरवून जात, आज सांगायचं. दर खेपेला गोणपाटावर बसून, मध खाऊन परत येत. शरमेनं माणूस मरत नाही, हे त्यांना कळलं. शरम पोटात घेऊन माणूस चांगला जेवतो, झोपतो, कामाला जातो. एवढंच झालं, की त्यांची टकळी कायमची बंद पडली.

स्वातंत्र्य आलं. तुरुंगात जाऊन आलेले म्हणून झेंडावंदनाला त्यांना पहिल्या रांगेत बसवू लागले. मिल्काबाई गेल्या. आळीतली घरं एकेक करून रिकामी झाली. कुणी मुंबईला गेलं, कुणी आगबोटीनं इस्रायलला. हॅना म्हणाली, आपणही जाऊ. मास्तर म्हणाले, इथं माझं काही राहिलंय. काय राहिलंय ते हॅनानं विचारलं नाही. तिला माहीत होतं.

आणि चीनची लढाई आली. त्याआधी कित्येक महिने मास्तर, कुणी विचारलंच तर, एवढंच म्हणत की सरहद्दीचं भांडण बोलून मिटवा, लढाई नको. पण डोंगरात आपले जवान पडू लागले तसं सगळं पनवेल पेटून उठलं. तालुक्याचा पुढारी जगन पाटील मास्तरांकडे आला.

"मास्तर, मैदानावर मोठी सभा आहे. तुम्ही बोलायचं. तुमच्यासारखा दाखला शोधून सापडायचा नाही. तेव्हाही आधी विरोध केलात आणि वेळ आली तशी देशाच्या... म्हणजे, जगाच्या मागं उभे राहिलात. आताही तसंच. वाड्यांवरून ट्रक भरून माणसं आणतोय. कातकरी तर तुमचंच ऐकतात."

मदतीच्या पेटीत जे टाकायचं ते मास्तरांनी आधीच मुकाट टाकलं होतं. एक व्हायला त्यांची ना नव्हती. हल्ला झाला आहे, घर आपलं आहे, आता भांडत बसायची वेळ नाही, हे त्यांनाही पटत होतं. पण दुसऱ्याला हाक मारायचं धाडस त्यांना होईना.

"माझा घसा बसलाय," ते म्हणाले. जगननं पुष्कळ आग्रह केला आणि शेवटी नाराज होऊन गेला. खरं कारण मास्तरांनी त्यालाही सांगितलं नाही.

सभेच्या दिवशी ते बाजारातून घरी निघाले होते. कर्ण्यातून एकजुटीच्या घोषणा येत होत्या. रस्त्याच्या कडेला लाकडाची मोळी विकायला शुक्री बसली होती. केस पिकलेले, हात तसेच काटक. त्यांना पाहून तिनं नेहमीसारखी जागा झाडून दिली.

"बसा, मास्तर. सभेत बोलनार म्हंतान तुमी?"

"नाही गं. घसा बसलाय."

शुक्री हसली. "तुमचा घसा लय वरसां बसलाय."

मास्तरही कसनुसे हसले. मग म्हणाले, "लोक माझं ऐकतात, म्हणूनच नाही बोलत." हे वाक्य त्यांनी कित्येक दिवस मनात घोळवलं होतं. बोलून झाल्यावर त्यांना बरंही वाटलं. आपण काहीतरी फेडलं असं क्षणभर वाटलं.

शुक्री मोळीची दोरी घट्ट करत होती. वर न बघता ती म्हणाली, "मना ठाव हाय, मास्तर."

"काय?"

"त्या दिशी तुमी घरात व्हता. दाराशी हुभे व्हता. तुमच्या आईनीच सांगितला मना. साळू झाली, तवा चोळीचा खण घेऊन बैलगाडीनी वाडीवर आली व्हती म्हातारी. बोलली, माज्या लेकाला समदा ऐकाया येत व्हता, त्यानी दार नाय उघडला. लय रडली."

मास्तर तिनं झाडलेल्या जागेवर बसले. किती वर्षं ते गोणपाटावर बसले होते, किती मध खाल्ला होता, ते सगळं त्यांच्या डोळ्यांपुढं आलं.

"मग तू... वाडीला सांगितलं नाहीस?"

"काय सांगू? तो सांगून मेला, मास्तरांना ठाव नाय. मेलेल्या मानसाला खोटा पाडू का मी?"

मैदानाकडे टाळ्यांचा कडकडाट झाला. शुक्रीनं दोरीला गाठ मारली.

"एक इचारायचा व्हता. दर खेपेला इचारीन म्हंते, नी ऱ्हाते."

"विचार."

"त्याला नेला, मंग सांज झाली, चांदनी निंगाली. तवा तुमी उपास सोडलाव. जेवलाव का त्या सांजला?"

हॅनानं पानं वाढली होती. आई उठली नव्हती, आणि हॅनानं स्वतःच्या पानाला हात लावला नव्हता. दिवसभराच्या उपासानं पोटात खड्डा पडला होता. मास्तरांना सगळं आठवत होतं, भाताची चवसुद्धा. नाही म्हणणं अगदी सोपं होतं. खरं सांगायला आई आता नव्हती.

"जेवलो," मास्तर म्हणाले.